मामांच्या जीपचा भोंगा

मुकुंदवाडी, औरंगाबाद
रविवार, १६ जानेवारी १९९४

तीर्थरूप आप्पासाहेब मामांच्या चरणी भाचा (आणि जावई, पण या पत्रापुरता भाचाच समजावं) मल्हारी याचा साष्टांग नमस्कार.

थंडी फार पडलीय, तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला राहिला का? मेंढरांना लाळ आल्याचं ऐकलं होतं, आता बरी असतील. इकडं आम्ही सगळे सुखरूप आहोत. (हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं म्हणून डोळे फिरवून पुढं जाऊ नका, या खेपेला मी ते विचार करून लिहिलंय.) मी सुखरूप आहे, तुमची लेक बाना सुखरूप आहे, वायरिंगवाला निजामुद्दीन सुखरूप आहे (एक अंगठा भाजलाय, पण तो डाव्या हाताचा), आणि तुमची जीपसुद्धा सुखरूप आहे. तिच्या बॉनेटवर निळा गुलाल आहे आणि काचेवर झेंडूचा हार आहे. घाबरू नका. तेच सांगायला बसलोय.

पत्र घाईनं लिहितोय, कारण आपल्या गावचा मुंजाबा परवा इथंच होता. घाटीच्या दवाखान्यात कुणाला तरी बघायला आला होता म्हणे. भडकल गेटजवळच्या गर्दीत त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं, त्यानं हात केला आणि मी दुसरीकडं बघितलं. एव्हाना तो गंगापूरला उतरून गावाच्या वाटेला लागला असेल. मुंजाबाची सवय तुम्हाला माहीत आहे, डोळ्यांनी बघितलेल्यात तो पदरचं घालून सांगतो. या खेपेला पदरचं घालायची त्याला गरजच पडणार नाही, हीच तर माझी अडचण आहे. तेव्हा तो आधी पोहोचला असेल तर त्यानं जे सांगितलं ते खरं धरा, फक्त कारणं माझ्याकडून ऐका.

दसऱ्याच्या सुमाराला तुम्ही जीप ट्रॅक्टरला बांधून माझ्या दारात आणून सोडलीत आणि म्हणालात, इंजिन दगडासारखं आहे, नुसतं वायरिंगचं किरकोळ काम आहे, संक्रांतीपर्यंत करून घे. मामा, तुम्ही मोठे आहात, पण तो किरकोळ शब्द तुम्ही मागं घ्यावा. सरकारी लिलावातून घेतल्यापासून ही जीप तुमच्या गोठ्यासमोर उभी. मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटलेला आणि डॅशबोर्डच्या मागं उंदरांनी. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्या निदान अंडी देतात. उंदरांनी वायरीवरचं आवरण तेवढं खाल्लं आणि आतलं तांबं लख्ख करून ठेवलं. तरी सुरुवातीला मी म्हटलं, यात काय एवढं? वाळूजच्या कंपनीत मी केवढ्या मोठ्या प्रेस मशीनवर उभा असतो, तिच्या पॅनलमध्ये वायरींचा नुसता गुंता असतो. (मी फक्त हिरवं आणि लाल बटन दाबतो. पण पॅनल रोज बघतो.) म्हणून एका रविवारी मी स्वतःच बॅटरी आणून जोडली. जोडल्याबरोबर जीपनं नाकातून, कानातून आणि स्टिअरिंगच्या बुडातून धूर काढला. मी चावी फिरवतोय, बटनं ओढतोय, धूर वाढतोय, आणि तेवढ्यात कुणीतरी मागून अख्खी बादली माझ्यावर आणि जीपवर ओतली.

ती भागूबाई. आमच्या शेजारच्या घरात राहते. तिची लेक सत्यभामा घाटीत नर्स आहे. भागूबाई मूळची परभणीकडच्या एका खेड्यातली. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून जे पेटलं त्यात तिचं घर गेलं, दाणेगोटे गेले, आणि पडत्या आढ्याखालून लेकीला ओढताना कमरेला मार बसला तो कायमचा. मग मायलेकी इकडं आल्या. त्यानंतर मोर्चा निघाला की तिनं कमरेला फडकं बांधून जायचं, पकडलं की तुरुंगात बसायचं, सोडलं की परत भाजी विकायला बसायचं. हे सगळं मला तोवर माहीतच नव्हतं, मी आपला तिला भाजीवाली मावशी म्हणून ओळखत होतो. त्या दिवशी ओल्या अंगानं मी जरा चिडूनच म्हणालो की अहो, विचारायचं तरी. तर ती म्हणाली, "धूर दिसला का मी इचारीत नाय बाबा. आधी पाणी, मंग इचारणं."

मग निजामुद्दीन आला. मोंढा नाक्याला त्याचं गॅरेज आहे, जुन्या जीप आणि ट्रकच्या वायरिंगचं काम करतो. माणूस लाख मोलाचा, पण आत्मविश्वास जरा जास्त. पहिल्या दिवशी त्यानं डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि बराच वेळ नुसतं हसत राहिला. गाडीत जेवढी वायर होती तेवढी सगळी लाल. समोरच्या दिव्याची लाल, मागच्याची लाल, भोंग्याची लाल. "मल्हारीभाई, पहलेवाला कम्युनिस्ट था क्या?" असं त्यानं मला विचारलं. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक कामाला वेगळ्या रंगाची वायर हवी, म्हणजे उद्या बिघाड झाला तर हात कुठं घालायचा ते कळतं. इथं एक वायर ओढली की ती कुठून निघाली आणि कुठं गेली हे शोधायला अर्धा दिवस. शिवाय ही जीप मुळात सहा व्होल्टची. मधल्या कुणा हुशार माणसानं तिला बारा व्होल्टची बॅटरी लावून दिली आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पैलवानाचा खुराक. त्यात तुमचा भोंगा सहा व्होल्टचा! त्याला बारा मिळाले की तो भोंगा राहत नाही मामा, तो गिरणीचा सायरन होतो.

निजामुद्दीननं काम खरंच मन लावून केलं, हे मी देवाला स्मरून लिहितो. डायनॅमो चार्जिंग करत नव्हता तो काढून एका भंगारातल्या व्हॅनचा अल्टरनेटर बसवला. त्यासाठी लोखंडी पट्टी वाकवून घेतली, ती उलटी वाकली, परत वाकवली. दिवे बारा व्होल्टचे टाकले, समोरच्या दिव्यांना वेगळा रिले दिला, उंदरांचं घरटं बाहेर काढलं (त्यात तुमची हरवलेली तंबाखूची डबी सापडली, ती बानाजवळ आहे). तरीही गाडी अंगात आल्यासारखी वागायची. ब्रेक दाबला की वायपर हलायचा. वायपर लावला की समोरचे दिवे मिचमिचायचे. स्टिअरिंग डावीकडं वळवलं की भोंगा वाजायचा, उजवीकडं वळवलं की गप्प. निजामुद्दीन रोज नवीन कारण सांगायचा. शेवटी हात टेकून म्हणाला, "इसमें अर्थ नहीं है." मी म्हणालो, ते मला दसऱ्यापासूनच वाटतंय. तर तो म्हणाला, तसा अर्थ नाही, हा वायरिंगचा अर्थ. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यात जातो, भोंग्यात जातो, आणि काम झालं की गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडं परत येतो, त्या परतीच्या वाटेला हे लोक अर्थ म्हणतात. आपल्या गाडीत ती वाट कुठंतरी तुटलेली. मग करंट बिचारा मिळेल त्या वाटेनं घरी जायला बघतो, ब्रेकचा निघालेला वायपरच्या दारातून, वायपरचा दिव्याच्या दारातून. कुठं तुटलीय, ते मात्र सापडत नव्हतं.

आता संक्रांतीचा दिवस. (इथून पुढं मामींना वाचून दाखवत असाल तर त्यांना आधी बसायला सांगा.)

कंपनीला सुट्टी होती. निजामुद्दीननं सकाळीच जीप दारात आणून लावली, एक चक्कर मारून बघू म्हणाला. फ्यूजचा डबा अजून आलेला नव्हता, म्हणून त्यानं इंजिनच्या कॉइलची वायर आणि भोंग्याची वायर एकत्र पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून तात्पुरती गाठ मारली होती. ही गाठ ध्यानात ठेवा, सगळा घोळ तिनं केलाय. तेवढ्यात विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. गल्लीत एकदम आरडाओरडा झाला, कुणी थाळी वाजवली, कुणी रडायला लागलं. रस्त्यावर पोलीस बंदोबस्त, शहर बसचा पत्ता नाही, रिक्षावाले यायला तयार नाहीत. लोक पायीच विद्यापीठाकडं निघाले. आणि भागूबाई पांढरं लुगडं नेसून, काठी टेकत आमच्या दारात आली. लेक दवाखान्यात ड्युटीवर. एवढं अंतर तिच्यानं चालवणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, सरळ निजामुद्दीनला विचारलं, "गाडी चालू हाय का रं?"

"है भी, नहीं भी," निजामुद्दीन म्हणाला. "चलती है खाला, बस बोलती बहुत है."

"बोलू दे की. आज कोण गप बसणार हाय?"

मामा, तुम्ही मागंच मला बजावलं होतं की कंपनीत नोकरी आहे, त्या नावाच्या भानगडीत पडू नकोस, ना इकडून ना तिकडून. मी पडलोही नव्हतो. जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला की मी डब्यात बघायचो. म्हणून मी आपलं म्हणालो की गाडी मामांची आहे, वर काचेवर एवढ्या मोठ्या अक्षरात 'आप्पासाहेब' लिहिलंय, त्यांना विचारल्याशिवाय कशी न्यायची. बाना आतून तिळगुळाचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, आप्पांना मी विचारते, तुम्ही मावशींना वर चढवा. तिनं तुम्हाला कसं विचारलं ते मला आजवर कळलेलं नाही, पण आम्ही निघालो. निजामुद्दीन चालवायला, शेजारी मी, मागं भागूबाई आणि बाना.

सेव्हन हिलपर्यंत ठीक गेलो. तिथं एका खड्ड्यात गाडी आपटली, ती गाठ सुटली आणि इंजिन बंद पडलं. निजामुद्दीननं हात घालून गाठ दाबली, इंजिनाला जीव आला. हात काढला, गेलं. चिकटपट्टी त्याच्याकडं नव्हती, पकड होती. तो म्हणाला, तुम्ही पकडीनं गाठ धरून ठेवा, मी चालवतो. मी धरली. गाठीनं असा चटका दिला की पकड माझ्या हातातून उडून भागूबाईच्या ओटीत पडली. परत धरली, परत उडाली. (मोठ्या मशीनवर काम करणं वेगळं असतं मामा.) मग असं ठरलं की निजामुद्दीननंच डॅशबोर्डखाली आडवं पडून गाठ धरायची. पण मग चालवणार कोण? मला येत नाही, हे तुम्ही लग्नाच्या आधीपासून मला ऐकवत आलात.

बाना मागून उतरली, पदर कमरेला खोचला आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. मी म्हणालो, अगं काय करतेस? ती म्हणाली, "ढकला." मी म्हणालो, तुला येतं? ती म्हणाली, "ढकला म्हटलं ना." सेल्फ तर कधीचा मेलेला. मी आणि रस्त्यानं चाललेली चारपाच माणसं मिळून ढकलायला लागलो. तिनं दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला, जीपनं ढुशी मारली आणि इंजिन धडधडायला लागलं. आणि त्याच ढुशीसरशी भोंग्याचं बटन आत जाऊन अडकलं. मी धावत जाऊन मागं चढलो तेव्हा भोंगा चालू होता. भोंग्याची वायर ओढावी तर ती गाठीत, म्हणजे इंजिन बंद, म्हणजे परत ढकलणं. तेव्हा ठरलं की वाजू दे. मामा, तो वाजला तो थेट विद्यापीठाच्या दारापर्यंत वाजत राहिला. आयुष्यात इतका वेळ इतका मोठा आवाज मी केलेला नाही, आणि तोही तुमच्या नावाखाली बसून.

क्रांती चौकात माणसांचा पूर होता. निळे झेंडे, ढोल, गुलाल, बायका फेर धरून नाचतायत. आपली जीप भोंगा वाजवत आली तशी सगळ्यांनी वाट मोकळी करून दिली. बानानं ब्रेक दाबला तसा वायपर हलायला लागला. लोकांना वाटलं गाडी हात हलवतेय, तेही हात हलवायला लागले. समोरचे दिवे डोळे मारत होते ते वेगळंच. बघता बघता आम्ही मिरवणुकीच्या मागं होतो ते पुढं झालो. कुणीतरी हार टाकला, कुणीतरी गुलाल. मिशीवाला एक दांडगा माणूस पायरीवर चढला, त्यानं काचेवरचं नाव वाचलं आणि भोंग्यापेक्षा मोठ्या आवाजात विचारलं, "आप्पासाहेब कोण?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात भागूबाईनं उत्तर दिलं. "हिचा बाप," ती बानाकडं बोट करून म्हणाली. "गंगापूरकडचा धनगर हाय. आमच्यासारख्या थकल्या माणसांसाठी खास गाडी धाडली त्यानं."

मामा, मी तिथंच खुलासा करायला हवा होता. पण तुम्हीच सांगा, त्या आवाजात खुलासा ऐकू कुणाला जाणार? आणि तो मिशीवाला, एवढा मोठा बाप्या, त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, गावाकडच्या माणसानं पाठवली? आणि मग पायरीवर उभा राहून ओरडायला लागला, आप्पासाहेबांचा विजय असो. मागचे सगळे ओरडायला लागले. जयभीमच्या मागोमाग तुमचं नाव. भडकल गेटपर्यंत. मुंजाबा तिथंच उभा होता.

भडकल गेटला पोलीस होते. एका साहेबांनी हात आडवा केला, जीप थांबवली (वायपर सुरू झाला), वाकून बानाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि डॅशबोर्डखालून बाहेर आलेले दोन पाय बघितले. बाहेरगावाहून बंदोबस्ताला आलेला माणूस, डोळ्याला झोप नसावी. ओरडून म्हणाला, "बंद करा ते! काय अर्थ आहे याचा?"

खालून निजामुद्दीनचा आवाज आला. "अर्थ ही तो नहीं है साहब! महीनेभर से वही ढूंढ रहे हैं!"

आता नोकरी गेली, गाडी गेली, बायको आत गेली, असं मी मनात धरून चाललो. भागूबाईनं बानाचा डबा उघडला, तिळाचा एक लाडू काढला आणि हात लांब करून साहेबांच्या पुढं धरला. "घ्या साहेब. सणाचा दिवस हाय. घरी कुठं मिळाला असंल तुम्हाला." साहेबांनी लाडू घेतला, तोंडात टाकला आणि तोंड भरलेलं असल्यामुळं हातानंच पुढं जा म्हणून खुणावलं.

विद्यापीठाच्या दाराशी गर्दी इतकी की पुढं जाणं शक्यच नव्हतं. बानानं इंजिन बंद केलं. भोंगा थांबला आणि माझ्या कानात नुसतं शिट्टीसारखं वाजत राहिलं. आम्ही भागूबाईला दोन्हीकडून धरून उतरवलं. गर्दीनं तिला वाट दिली. दाराजवळ कुणीतरी नव्या नावाचा कापडी फलक बांधला होता. भागूबाईला वाचता येत नाही. तिनं बानाला सांगितलं, वाच. बानानं वाचलं, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. भागूबाई म्हणाली, सावकाश वाच, गाडी चुकत नाय आपली. बानानं परत वाचलं, एकेका शब्दावर थांबून. म्हातारी मान वर करून त्या कापडाकडं बघत होती, जणू काही तिलाही अक्षरं दिसतायत. मग म्हणाली, "लई लांबलचक नाव झालं गं."

बाना म्हणाली, हो, आधीचं होतं तेही ठेवलंय ना.

"ऱ्हाऊ दे. सोळा वर्स थांबलो, एवढं बोलायला काय लागतंय." आणि तिथंच रस्त्यावर फतकल मारून बसली आणि रडली. हमसून नाही, नुसतं पाणी. बाना तिच्याजवळ बसली. मी उभाच होतो, काय करावं ते सुचेना, तेव्हा मीही बसलो. मामा, मी या शहरात नऊ वर्षं राहतो. विद्यापीठाच्या दारात जमिनीवर बसून माझ्याही डोळ्याला पाणी आलं, आणि त्यात गुलालाचा काही भाग असेल, पण सगळा नाही.

आता जीपचं. निजामुद्दीनची पकड उतरताना कुठं तरी पडली होती, ती शोधायला तो गाडीखाली सरपटत गेला. थोड्या वेळानं तिथून त्याची किंकाळी आली. मला वाटलं भाजला. तर तो ओरडत होता, "अर्थ मिल गया! मल्हारीभाई, अर्थ मिल गया!" इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते, ती वरून धरलेली दिसायची, पण खालच्या बोल्टाशी, चिखलाच्या थराआड, तुटून लोंबत होती. ज्याच्यासाठी त्यानं सगळी गाडी उसवली ते पहिल्या दिवशी खाली वाकून खरवडलं असतं तर दिसलं असतं. (हे मी त्याला बोललो नाही. तो स्वतःच दिवसभर म्हणत होता.) आजूबाजूच्या लोकांना काय सापडलं ते कळलं नाही, पण अर्थ सापडला म्हटल्यावर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. लाउडस्पीकरवाल्याकडून जाड तांब्याच्या वायरीचा तुकडा मिळाला, दोन्हीकडचं लोखंड घासून बोल्टखाली पक्का आवळला. बानानं दिवे लावले, दिवेच लागले. ब्रेक दाबला, मागचा लाल दिवाच लागला. वायपर वायपरसारखा वागला. मला मंगलाष्टकं झाल्यासारखं वाटलं.

काल त्यानं नवी पट्टी बसवली, आणखी एक इंजिन आणि बॉडीच्या मध्ये दिली, फ्यूजचा डबा आला तो लावला, भोंगा बारा व्होल्टचा टाकला. आता वायरी पाच रंगांच्या आहेत. सेल्फही लागतो. तुमचा भोंगा काढून ठेवलाय, तो हवा असल्यास कळवा. तेव्हा मामा, काम झालेलं आहे, गाडी चालू आहे, आणि कुणाचंही नुकसान झालेलं नाही. रागावला असाल तर माझ्यावर रागवा. मामींना नमस्कार.

तुमचा,
मल्हारी

ता. क. एक राहिलं. तो मिशीवाला काल पत्ता शोधत मुकुंदवाडीला आला होता, बरोबर आणखी काही मंडळी. गावाकडच्या ज्या माणसानं म्हाताऱ्या माणसांसाठी गाडी पाठवली त्याला शाल-नारळ द्यायचा असं वस्तीनं ठरवलंय. आप्पासाहेब येतील ना, असं त्यांनी मला विचारलं. मी खरं सांगणारच होतो. पण त्यांच्या हातात शाल आधीच विकत घेतलेली होती. मी हो म्हणालो. येत्या रविवारी संध्याकाळी आहे. फेटा बांधून यावं. भाषण करावं लागेल, थोडंच करा.

ता. क. दुसरं. जीप तुमच्याकडं परत येणार नाही, हे वर लिहायचं राहिलं. आमच्या गल्लीतल्या बायका वाळूजच्या कंपन्यांत पॅकिंगला जातात, त्यांना दोन बस बदलाव्या लागतात आणि पहिली पाळी हमखास चुकते. बानाचं म्हणणं आहे की त्यांना तिनं जीपनं नेऊन सोडावं आणि आणावं. परवान्याची चौकशी केलीय, गाडी तिच्या नावावर करायला तुमची सही लागेल. एवढ्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. तिसरं (अक्षर बानाचं आहे).
आप्पा, यांनी लिहिलेलं सगळं वाचलं. भोंगा क्रांती चौकातच सुटला होता. ढोलाच्या आवाजात यांना कळलं नाही. तिथून पुढं विद्यापीठापर्यंत बटन मीच दाबत होते. गाडी चालवायला मी दसऱ्यापासून शिकतेय, हे पाळीवर गेले की निजामुद्दीनभाईंच्या भावाच्या मेटाडोरवर, मागं भाईंच्या घरच्या बिल्किसवहिनी बसायच्या. शिकाऊ लायसन्स काढलंय. शालीचं तुम्हाला पटलं नाही तर तिथंच उभं राहून खरं काय ते सांगा, मी शेजारी असेन. पण या. रविवारी दुपारच्या एसटीनं वाळूजला उतरा, मी न्यायला येते. घरी आलात की आधी भागूमावशींकडं जायचं आहे. त्या चहा ठेवणार आहेत. तो आप्पा, तुम्ही बसून, पूर्ण कप प्यायचा.